सोळाव्या होलची वाळू

स्पर्धेचे चारही दिवस मी आणि माझी शिष्या एकाच गाडीतून कोर्सवर गेलो. गाडी तिच्या वडिलांची. सकाळी ते आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायचे, मी माझी बॅग डिकीत टाकायचे आणि मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसायचे. तिच्या आईनं दोघींचा मिळून एक डबा दिलेला असायचा. शेवटच्या दिवशीही तसंच झालं. तीन दिवसांचा खेळ संपला तेव्हा ती पहिली होती आणि मी एका फटक्यानं मागं, दुसरी. बाकीच्या बऱ्याच मागं पडल्या होत्या. महिलांची देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा आम्हा दोघींपैकी एकजण जिंकणार हे जवळजवळ ठरलेलं होतं, आणि आम्ही गाडीत कोथिंबीर वड्या खात होतो.

"दोघीबी जिंका," तिचे वडील आरशात बघून म्हणाले.

"तसं नसतं, पप्पा," ती म्हणाली.

"मंग जी जिंकंल तिनं जेवण द्यायचं. मटणाचं."

मी भरे गावची. पलीकडच्या खोऱ्यात गोल्फ कोर्स झाला तेव्हा माझे वडील तिथं गवत कापायच्या कामाला लागले. सोमवारी कोर्स बंद असायचा, तेव्हा कामगारांच्या पोरांना खेळायची मुभा होती. त्यातून मला नाद लागला, आणि वडील गेले तरी नाद सुटला नाही. मी व्यावसायिक खेळाडू झाले, देशभर हिंडले, लहानसहान स्पर्धा जिंकल्या. या मोठ्या स्पर्धेत मात्र दोनदा दुसरी आले होते. आता वय अडतीस, कंबर धरते. वर्षातले फार थोडे आठवडे खेळते आणि उरलेला वेळ त्याच कोर्सवर मुलांना शिकवते.

ती माझ्याकडं आली तेव्हा नऊ वर्षांची होती. गावठाणातलं जमीनवालं घर. थोडी जमीन फार्महाऊसवाल्यांना गेलेली, राहिलेल्या खाचरांत भात, आणि घरामागं पिरंगुटच्या कंपन्यांतल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. तिचे आजोबा आमच्या वस्तीत कधी घोटभर पाण्याला थांबले नव्हते. ही पोर मात्र शाळा सुटली की सरळ आमच्या घरी यायची, माझ्या आईच्या हातची बोंबलाची चटणी भाकरीबरोबर मिटक्या मारत खायची आणि मग माझ्यामागं सरावाला. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, कसा धरायचा ते तिला मी शिकवलं. वारा कसा ओळखायचा ते शिकवलं. हरल्यावर रडू आलं तर कुठं जाऊन रडायचं तेही मीच शिकवलं. आता ती एकोणीस वर्षांची होती आणि तिचा फटका माझ्या फटक्याच्या पुढं जाऊन पडत होता. मला त्याचा अभिमान होता. थोडं दुखतही होतं, पण अभिमान जास्त.

गोल्फ ज्यांना माहीत नाही त्यांना एवढं कळलं तरी पुरे, की अठरा होलांत चेंडू घालायचा आणि ज्याचे फटके कमी तो जिंकतो. आणखी एक गोष्ट आहे. आपले फटके आपण लिहायचे नसतात. जोडीला खेळणारी आपले लिहिते आणि आपण तिचे. त्या दिवशी तिचं कार्ड माझ्याकडं होतं आणि माझं तिच्याकडं.

फेब्रुवारीचा शेवट होता. डोंगरावर वणवा लागून गेलेला, उतारांवर काळे पट्टे पडलेले, आणि वाऱ्याबरोबर मधूनच जळक्या गवताचा वास यायचा. बघायला गावातलं बरंच माणूस आलं होतं. तिच्या घरच्या बाया नव्या साड्या नेसून आल्या होत्या. आमच्या वस्तीतलेही आले होते, ते जरा बाजूला, झाडाखाली. त्यातले बहुतेकजण आयुष्यात पहिल्यांदाच गोल्फ बघत होते. तिच्या चुलत्यानं दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "टाळी कवा वाजवायची?"

"चेंडू मारून झाल्यावर. आधी नाही."

"मंग आधी काय करायचं?"

"गप्प उभं राहायचं."

"आमच्या गावाला ते जमायचं न्हाई," चुलता म्हणाला, आणि मीसुद्धा हसले.

खेळ अटीतटीचा झाला. तिसऱ्या होलवर मी तिची बरोबरी केली, सहाव्यावर पुढं गेले, नवव्यावर तिनं पुन्हा गाठलं. बाराव्याला वाऱ्यानं माझा चेंडू ओढ्यात नेला आणि मी मागं पडले. तेराव्याला तिचा छोटा पट, म्हणजे भोकाकडं चेंडू ढकलायचा हलका फटका, चुकला, पुन्हा बरोबरी. पंधराव्याला तिनं लांबून चेंडू आत घातला तेव्हा गावकऱ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या, की पलीकडच्या खाचरांतले बगळे उडाले. ती एका फटक्यानं पुढं. तिनं माझ्याकडं बघून जीभ चावली, लहानपणी चावायची तशी. मी अंगठा वर केला. तिथपर्यंत तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक होता.

सोळावा होल आखूड आहे. एका फटक्यात ग्रीनवर पोचायचं, म्हणजे जिथं भोक असतं त्या बारीक गवतावर. माझा चेंडू पोचला. तिचा उजवीकडं सरकून बंकरमध्ये पडला. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. तिथं एक कडक नियम आहे: चेंडू मारायच्या आधी, क्लब मागं नेताना, वाळूला स्पर्श झाला तर दोन फटक्यांचा दंड.

ती खड्ड्यात उतरली. तिचा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा माणूस, वर तिच्या पाठीमागं उभा होता. माझा कॅडी झेंड्यापाशी होता. लोक पलीकडच्या अंगाला. मी खालच्या उतारावर एकटी, खड्ड्याच्या तोंडासमोर. तिनं पाय रोवले, क्लब मागं नेला, आणि तिच्या चेंडूमागं वाळूची जी बारीक वरंबी होती तिच्या माथ्यावरून क्लब घासून गेला. सुपातून कोंडा उडावा तेवढीच वाळू उडाली. मग क्लब खाली आला, चेंडू उंच उडून भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. टाळ्या झाल्या. तिच्या कॅडीनं खाली उतरून नेहमीप्रमाणे दाताळ्यानं वाळू सारखी केली. जे काही होतं ते पुसलं गेलं.

दोघींनी तिथं तीन-तीन फटक्यांत होल संपवला. मी कार्डावर तिचे तीन लिहिले नाहीत. पेन हातात धरून सतराव्याच्या पायवाटेला लागले.

ती पायवाट करवंदीच्या जाळ्यांमधून वर जाते. चढताना मी स्वतःला पहिल्यांदा विचारलं, की मी खरंच बघितलं का? आणि इथंच माझी अडचण होती. क्लब मागं नेताना तो फार खाली ठेवायची तिची खोड होती. दहा वर्षं मी तिला ओरडत आले होते, वाळूत असताना आधी उचल, आधी उचल. त्यामुळं त्या क्षणी माझे डोळे तिथंच होते. जे दिसेल याची मला धास्ती होती तेच मला दिसलं, की खरंच ते झालं? मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. प्रत्येक वेळी वाळू उडाली.

बोलले नसते तर कुणाला कळलं नसतं. ती जिंकली असती, आणि तिच्या कार्डावर खोटा आकडा लिहून मी सही केली असती. बोलले तर दंड दोन फटक्यांचा. एका फटक्यानं पुढं असलेली ती एका फटक्यानं मागं जाणार, आणि पुढं जाणार मी. मी सोडून दुसरं कुणीही ते बघितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं.

सतराव्याच्या सुरुवातीला ती पाणी पीत उभी होती.

"सोळाव्याला तुझा क्लब वाळूला लागला," मी हळू म्हणाले. "मागं नेताना."

तिनं बाटली खाली घेतली. "न्हाई, ताई."

"मला दिसला."

"मला तर काय जाणवलं न्हाई." तिचा चेहरा अजून हसराच होता, मी काहीतरी शिकवतेय असं तिला वाटलं असावं. मग तो बदलला. "ताई, दोन होल राह्यलेत."

"म्हणून तर आत्ता सांगतेय. रेफरींना बोलवू या. मला जे दिसलं ते मी सांगते, तुला जे वाटतं ते तू सांग."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. मी हात वर केला.

रेफरी बाई पुण्याच्या होत्या, वयस्कर, शांत. छोट्या गाडीतून आल्या आणि आम्हा दोघींना बाजूला घेतलं.

"तुम्ही नेमकं काय पाहिलंत?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं.

"आणि तुमचं म्हणणं?"

"मला क्लब लागल्याचं जाणवलं नाही, मॅडम," ती म्हणाली. त्यांच्याशी ती शुद्ध बोलायची.

त्यांनी दोन्ही कॅडींना विचारलं. कुणालाच काही दिसलं नव्हतं. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "मी समितीशी बोलते. कार्डावर सही व्हायच्या आधी निर्णय देऊ. तोवर खेळा."

"म्हणजे मी पुढे आहे की मागे?" तिनं विचारलं.

"सध्या मला सांगता येणार नाही."

शेवटचे दोन होल आम्ही असे खेळलो. कोण पुढं आहे हे तिला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, फळ्यावर आकडे लावणाऱ्यालाही माहीत नव्हतं. दोरीपलीकडं कुजबुज सुरू झाली होती. तिच्या चुलत्याचा आवाज मला ऐकू आला, "काय झालं? खेळ का थांबवला हिनं?" ती माझ्याकडं बघत नव्हती. सतराव्याला दोघींचे फटके सारखेच झाले. अठराव्याला तिनं असा लांबचा पट आत घातला, की पंचवीस वर्षांत मी तसा पाच-सहा वेळाच बघितला असेन. आता माझा हातभर लांबीचा उरला होता. तो चुकला असता तर सगळा प्रश्नच मिटला असता: ती पुढं असेल तर जिंकली असती, मागं असेल तर बरोबरी. चुकवावा असं मनात येऊन गेलं. पण हातांना तसं येत नाही. चेंडू मधोमध आत गेला. टाळ्या वाजल्या नाहीत.

कार्डं तपासायच्या तंबूत आम्ही समोरासमोर बसलो. रेफरी बाई आणि समितीतले दोघं उभे होते. बाईंनी तिला पुन्हा विचारलं, "सोळाव्या होलबद्दल तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?"

ती टेबलाकडं बघत राहिली. बाहेर तिच्या वडिलांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मला काय जाणवलं न्हाई, हे खरंय. पण ताई खोटं बोलत न्हाईत. त्यांनी बघितलं म्हणत असतील तर लागला असंल."

हे ती आमच्या बोलीत बोलली, बाईंशी नाही, टेबलाशी. कुठल्या अर्थानं म्हणाली ते मला आजही उमगलेलं नाही. विश्वासानं म्हणाली असेल. घ्या, कप तुमच्या पदरात टाकते, असंही असेल.

समितीनं दोन फटके लावले. मी एका फटक्यानं जिंकले.

कप घेताना मी कुणाकडं बघितलं ते मला आठवत नाही. ती दुसऱ्या क्रमांकाची ढाल घेऊन माझ्याशेजारी उभी राहिली, फोटोसाठी जसं हसायचं तसं हसली. नंतर गाड्या लावतात तिथं तिचे वडील भेटले. माझी बॅग त्यांनी डिकीतून काढून खाली ठेवली होती, नीट, क्लबांवर टोप्या घालून.

"दादा," मी म्हणाले.

"शिकवलं तुमीच," ते म्हणाले, "आन् पाडलंबी तुमीच." आवाज चढवला नाही. गाडीत ती आधीच बसली होती, पुढच्या सीटवर. मी कोर्सच्या कामगारांच्या बसनं घरी आले. आईनं कप हातात घेतला, पदरानं पुसला आणि टीव्हीच्या बाजूला ठेवला. मग सगळं ऐकून घेतलं.

"तू खोटं बोलली न्हाईस," ती म्हणाली.

"न्हाई."

"ते मला ठाव हाय. पण खरं कुणाच्या तोंडून आलं, तेबी बघत्यात लोक."

दुसऱ्या दिवसापासून ते दिसायला लागलं. चुलत्यानं मोबाईलवर सोळाव्याचा व्हिडिओ घेतला होता. तो गावभर फिरला, मलाही आला. पलीकडच्या अंगानं घेतलेला, खड्ड्याच्या काठामुळं फक्त तिचे खांदे दिसतात. मी तो हळू करून, थांबवून, कितीतरी वेळा बघितला. त्यात वाळू दिसत नाही. उडाली हेही त्यातून सिद्ध होत नाही, उडाली नाही हेही नाही. पण गावासाठी तेवढं पुरेसं होतं. दुकानात एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "पोरीपेक्षा कप मोठा झाला." आणखी एकजण, ज्याला मी लहानपणापासून ओळखते, म्हणाला, "ह्यांना जवळ केलं की असंच." ह्यांना म्हणजे कुणाला ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गावठाणातली चार मुलं शिकायला यायची, ती यायची थांबली.

आमच्या वस्तीतही धड नव्हतं. तिथल्या पोरांना मुख्य रस्त्यावर माझा मोठा फ्लेक्स लावायचा होता, हारतुरे, मिरवणूक. मी नको म्हणाले. "का पण? जिंकलीस ना?" ते म्हणाले. "त्यांची जिंकली असती तर डीजे लागला असता." त्यांचं चुकत नव्हतं. तरी मी फ्लेक्स लावू दिला नाही, आणि काहीजणांना ते लागलं. माझ्या जिंकण्यात त्यांचाही वाटा होता, तो मी नाकारला असं त्यांना वाटलं.

मी तिला दोन वेळा फोन केला. उचलला नाही. तिसऱ्यांदा तिची आई बोलली. "ती झोपलीय," म्हणाली. दुपारचे चार वाजले होते. जरा थांबून म्हणाली, "तुमचं चुकलं असं मी म्हणत न्हाई, ताई. पर मला तुमच्याशी बोलवंना." महिन्याभरानं कळलं, की पोर बंगळूरला दुसऱ्या प्रशिक्षकाकडं गेली.

त्यानंतर आमची गाठ पावसाळा संपल्यावर पडली, दक्षिणेतल्या एका स्पर्धेत. पहिल्याच दिवशी गट लावणाऱ्यांनी आम्हा दोघींना आणि एका तिसऱ्या मुलीला एकत्र टाकलं. ती आली, "नमस्कार, ताई" म्हणाली, एरवी पाया पडायची, त्या दिवशी पडली नाही. खेळ सुरू झाला. नवीन प्रशिक्षकानं तिचा क्लब मागं न्यायचा ढंग बदलला होता. चांगलं काम केलं होतं त्यानं. दहाव्या होलपाशी पुढचा गट अडकला आणि आम्हाला थांबावं लागलं. तिसरी मुलगी सावलीत जाऊन फोनवर बोलत बसली. ही मात्र माझ्यापासून थोडं अंतर ठेवून उभी होती.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी मी चार फटके मागं असते, तर तुमी बोलला असता?"

हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, की उत्तर तयार असायला हवं होतं. चार फटके मागं असलेल्या मुलीच्या खड्ड्याकडं मी इतकं टक लावून बघितलं असतं का, हेच मला ठाऊक नाही. आणि दिसलं असतं तर, जाऊ दे, बिचारी हरतेच आहे, असं वाटलं नसतं कशावरून?

"बोलले असते असं वाटतं," मी म्हणाले. "पण छातीवर हात ठेवून सांगता येत न्हाई."

तिनं मान हलवली.

"मला वाटलेलं, तुमी सरळ व्हय म्हणाल," ती म्हणाली. "तसं म्हणाला असता तर राग धरायला सोपं गेलं असतं."

"अजून राग हाय?"

"हाय." तिनं हातमोजा घट्ट केला. "पण रोज न्हाई."

पुढचा गट हलला. पाळी तिची होती. तिनं वाऱ्याकडं एकदा बघितलं आणि चेंडू सरळ, लांब मारला. माझा उजवीकडं वळून निलगिरीच्या झाडांत गेला. मी आणि माझा कॅडी शोधायला निघालो, तर ती आपल्या कॅडीला रस्त्यावर थांबवून आमच्यामागं आली. वाळलेल्या पानांतून क्लबानं चाळवत आम्ही तिघं शोधत राहिलो, ती एका टोकाला, मी दुसऱ्या. चेंडू सापडला नाही, आणि मी दंड घेऊन दुसरा मारायला परत फिरले.